फोटोखालची ओळ

एका मराठी दैनिकात मी काही वर्षं रात्रपाळीला उपसंपादक होतो. पान सोडायची घाई असताना आलेल्या फोटोंना ओळी लावायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. बातमी दुसऱ्याने लिहिलेली, फोटो तिसऱ्याने काढलेला, त्यामुळे त्या दहा-बारा शब्दांवर कधी कुणी चर्चा केली नाही. अमली पदार्थांच्या कारवाईचा फोटो आला की त्याची मांडणी ठरलेली असे. मागे पोलीस, पुढे टेबलावर पुड्या आणि मध्ये मान खाली घातलेला एखादा आफ्रिकी माणूस. ओळही ठरलेली: ‘अटक केलेल्या नायजेरियन आरोपीसह पोलीस पथक’. तो खरंच नायजेरियाचा आहे, की घानाचा, की टांझानियाचा, हे मी एकदाही फोन करून विचारलं नाही. एखादी ओळ चुकली तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र देता येतं. पण त्या सगळ्या वर्षांत आफ्रिकी माणसाचा दुसऱ्या कुठल्याही कारणाने फोटो लावल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं शुद्धिपत्र कुठेच छापून येत नाही.

हे मनात असल्यामुळे असेल, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांबद्दल वाचताना मी गॉर्डन पार्क्स यांच्यापाशी अडकून पडलो. जन्म १९१२चा, कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉटचा. रेल्वेत वेटर म्हणून काम करताना कुणी टाकून दिलेल्या मासिकात त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांचे फोटो पाहिले आणि गहाणवटीच्या दुकानातून कॅमेरा विकत घेतला. दहा-अकरा वर्षांत हा माणूस ‘लाइफ’ या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सचित्र साप्ताहिकापर्यंत पोहोचला. १९४८ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या रेड जॅक्सन नावाच्या सतरा वर्षांच्या टोळीप्रमुखावर फोटोकथा केली. कित्येक आठवडे ते त्या पोराबरोबर राहिले, शेकडो फोटो काढले. त्यात भांडणं होती, पण घर होतं, आई होती, भाऊ होता, मेलेल्या मित्रासाठी आलेलं मौन होतं. साप्ताहिकाने त्यातले एकवीस फोटो निवडले. कुणाची कड कापली, कुणाचा अंधार गडद केला, आणि छापलेल्या पानांवर भर पडला तो मारामारीवर आणि भीतीवर. २०१३ साली न्यू ऑर्लिन्सच्या कलासंग्रहालयाने पार्क्स यांनी काढलेले फोटो आणि ती छापील पानं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा कापून टाकलेला रेड जॅक्सन पुन्हा दिसू लागला.

आता नीट पाहू. छायाचित्रकार स्वतः कृष्णवर्णीय. त्याचा हेतू निर्मळ. त्या मुलाचा त्याच्यावर विश्वास. आणि तरीही वाचकाच्या हातात गेला तो जुनाच साचा: काळा तरुण म्हणजे धोका. कृष्णवर्णीय समाजाबद्दलची विकृत प्रतिमा बदलायची तर त्यांच्या हाती कॅमेरा द्या, त्यांना त्यांची गोष्ट सांगू द्या, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. म्हणणं चुकीचं नाही, पण फार अपुरं आहे. माझं म्हणणं असं की कॅमेरा हा त्या साखळीतला पहिला दुवा. कुठला फोटो निवडायचा, कुठे कापायचा, त्याखाली काय लिहायचं, आणि पन्नास-शंभर वर्षं तो कुणाच्या कपाटात राहणार, हे ठरवायचा हक्क ज्याच्याकडे, गोष्ट त्याची. हा हक्क मिळेपर्यंत कितीही सुंदर फोटो काढले तरी ते दुसऱ्याच्या गोष्टीला पुरवलेला कच्चा मालच ठरतात.

फ्रेडरिक डग्लस यांना हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. १८३८ साली गुलामीतून पळालेला हा माणूस त्या शतकातला सर्वांत जास्त फोटो काढून घेतलेला अमेरिकन ठरला. त्यांचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो आज ज्ञात आहेत, अब्राहम लिंकन यांच्यापेक्षाही जास्त. गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्या माणसाचं निःपक्षपाती चित्र उतरत नाही, ते त्याच्या नाकाओठांचं व्यंगचित्र करतात, अशी तक्रार त्यांनी १८४९ साली स्वतःच्या वर्तमानपत्रात केली होती. फोटोच्या यंत्राला तसा पूर्वग्रह नसेल, अशी त्यांना आशा होती. त्यांचे फोटो पाहताना एक गोष्ट डोळ्यात भरते, ते जवळजवळ कुठेच हसत नाहीत. मळ्यावर आनंदाने नाचणारा, दात दाखवणारा गुलाम हे तेव्हाचं लोकप्रिय चित्र होतं. डग्लस यांच्या बंद ओठांनी त्याला आयुष्यभर नकार दिला. त्यांच्याच काळातल्या सोजर्नर ट्रुथ एक पाऊल पुढे गेल्या. त्यांनी स्वतःचे छोटे फोटो छापून घेतले, त्यांचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवले आणि सभांमधून ते विकले. खाली ओळ स्वतःची: मूळ देहाच्या पोटासाठी मी ही सावली विकते आहे. जिचा देह एकेकाळी इतरांनी विकला, ती बाई आता स्वतःची छबी स्वतःच्या अटीवर विकत होती. फोटोखालच्या ओळीचं मोल मला या बाईइतकं कुणी शिकवलेलं नाही.

पुढे १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांची ३६३ छायाचित्रं अल्बममध्ये लावून मांडली. जॉर्जिया राज्यातली माणसं: वकील, विद्यार्थी, दुकानदार, लेस लावलेल्या झग्यातल्या मुली, पियानोशी बसलेली कुटुंबं. बरोबर लोकसंख्या, शिक्षण, मालमत्ता यांचे हाताने रंगवलेले तक्ते. हे ज्या काळात घडलं त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत जमाव काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारत होते, आणि त्या प्रेतांसोबत उभं राहून काढलेल्या फोटोंची पोस्टकार्डं टपालाने नातलगांना पाठवली जात होती. त्या पोस्टकार्डांसमोर डु बॉइस यांचे अल्बम ठेवून पाहा, म्हणजे त्या पियानोची गरज कळते.

तरीही या मार्गात एक अडचण आहे. नेटका कोट, इस्त्रीची कॉलर, पुस्तकांचं कपाट दाखवून ‘बघा, आम्हीही माणसंच आहोत’ असं म्हणताना माणूस असण्याला नकळत एक अट चिकटते. ज्याच्याकडे कोट नाही त्याचं काय? मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. बाबासाहेबांचा निळा सूट गावोगावच्या पुतळ्यांवर आणि घराघरातल्या तसबिरींमध्ये आहे, कारण ज्या समाजात अंगावरच्या कपड्यावरून माणसाची पायरी ठरवली जात होती तिथे सूट हाच युक्तिवाद होता. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. नातं जुनं आहे. म्हणूनच मला वाटतं की सुटाचा युक्तिवाद समजणाऱ्यांनी त्याच्या पुढचा प्रश्नही विचारायला हवा: झाडू हातात असलेल्या माणसाचा फोटो सूट न घालता सन्मानाचा कसा होईल?

पार्क्स यांनी त्याचं उत्तर १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये दिलं. ते नुकतेच सरकारी छायाचित्र विभागात दाखल झाले होते आणि राजधानीतल्या दुकानांनी, थिएटरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्यांना सांगितलं, या इमारतीत साफसफाई करणाऱ्या बाईंशी जाऊन बोल. त्या बाई म्हणजे एला वॉटसन. अमेरिकेच्या झेंड्यासमोर, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा, असा त्यांचा सरळ समोर पाहणारा फोटो आज जगभर ओळखला जातो. तो आरोप म्हणून जबरदस्त आहे. पण मला त्यानंतरचं काम अधिक मोलाचं वाटतं. पार्क्स तिथे थांबले नाहीत. ते वॉटसनबाईंच्या घरी गेले, त्यांच्या नातवंडांचे, त्यांच्या प्रार्थनास्थळाचे, त्यांच्या स्वयंपाकघराचे फोटो काढत राहिले. झेंड्यासमोरच्या त्या एका फोटोत बाई प्रतीक झाली होती, नंतरच्या फोटोंत ती पुन्हा आजी झाली. गोष्ट सांगणं म्हणतात ते हेच. एका फोटोत अन्याय दिसतो, पण ज्याच्यावर तो होतो त्याचा सोमवार, मंगळवार कसा जातो हे दिसायला अनेक फोटो आणि पुष्कळ दिवस लागतात.

हार्लेमचेच रॉय डिकॅरावा या बाबतीत आणखी ठाम होते. १९५२ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. अर्जातच त्यांनी लिहिलं होतं की आपल्याला समाजशास्त्रीय नोंद करायची नाही, आपल्या लोकांना आतून समजून घेणारी कलाकृती करायची आहे. त्यांच्या फोटोंत जिन्यावर बसलेली माणसं आहेत, स्वयंपाकघरात नाचणारं जोडपं आहे, कामावरून थकून परतणारा बाप आहे. आणि ते सगळं गडद करड्या छटांमध्ये, मुद्दाम न उजळता. ही निवड तांत्रिक वाटेल, पण तिच्यामागे मोठी गोष्ट आहे. रंगीत फिल्मचे रंग बरोबर आलेत की नाही हे तपासायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना फोटो पाठवत असे. त्यावर गोऱ्या कातडीची स्त्री असे, आणि त्या कार्डांना ‘शर्ली’ असंच नाव पडलं होतं. शर्ली नीट दिसली की रंग नीट. वर्गाच्या एकत्र फोटोत काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसायचे, तरी दशकानुदशकं फिल्म तशीच राहिली. तपकिरी रंगाच्या बारीक छटा फिल्मवर उतराव्यात म्हणून कंपनीने हालचाल केली त्याला बराचसा जोर मिळाला तो चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या उत्पादकांच्या तक्रारींमुळे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. डिकॅरावांनी मात्र या यंत्राला शरण जाऊन चेहरे उजळवले नाहीत. बघणाऱ्याने डोळे अंधाराला सरावू द्यावेत, एवढी मेहनत त्याने घ्यावी, असं जणू त्यांचे फोटो सांगतात.

मग वेदनेच्या फोटोंचं काय करायचं? काळ्या देहावरचे अत्याचार पुन्हा पुन्हा दाखवल्याने तो देह मारण्यासाठीच असतो अशी बघणाऱ्याची सवय होते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो मला पटतो. पण १९५५ सालची एक आई या आक्षेपाला मर्यादा घालते. शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला होता. एका गोऱ्या स्त्रीशी उद्धटपणे वागल्याचा आळ घेऊन त्याला रात्री घरातून उचललं, हालहाल करून मारलं आणि नदीत फेकलं. शवपेटी बंद ठेवूनच अंत्यविधी उरकावा असा दबाव होता. मॅमी टिल यांनी पेटी उघडायला लावली आणि ठरवलं की माझ्या मुलाचं काय केलं ते सगळ्यांनी बघायचं. हजारो लोक रांगेने येऊन पाहून गेले, आणि ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने तो चेहरा छापला. या प्रसंगातला एक तपशील फारसा सांगितला जात नाही. आईने पेटीच्या उघड्या झाकणाला आतून एमेटचे आधीच्या नाताळातले फोटो लावले होते. हॅट, टाय, हसरा चेहरा. खाली छिन्नविच्छिन्न देह आणि वर तो कसा होता याचा पुरावा. बघणाऱ्याला एकट्या प्रेतापाशी थांबताच येऊ नये, अशी ती मांडणी होती. कुठल्याही संपादकाने इतका नेमका निर्णय घेतल्याचं मला माहीत नाही.

जमावाने विकलेली पोस्टकार्डं आणि ‘जेट’मधलं ते पान, दोन्हींत छळलेला काळा देहच आहे. फरक एवढाच की इथे निर्णय आईचा होता.

फोटोंनी न्याय मिळत नाही, कायदा आणि पोलीस बदलल्याशिवाय हे सगळं व्यर्थ आहे, असं म्हणणारे मित्र मला आहेत. खरं आहे, एमेटच्या मारेकऱ्यांना सगळ्या गोऱ्या ज्युरींनी तासाभराच्या चर्चेत निर्दोष सोडलं. फोटोने तो निकाल बदलला नाही. पण तीन महिन्यांच्या आतच अलाबामातल्या मंटगमरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवरचा बहिष्कार सुरू झाला, आणि त्या पिढीतल्या अनेक कार्यकर्त्यांनी पुढे सांगितलं की लहानपणी, तरुणपणी पाहिलेलं ‘जेट’मधलं ते पान त्यांना झोपू देत नव्हतं. ज्युरी म्हणून बसलेली माणसंही आयुष्यभर कुठली तरी चित्रं पाहतच तिथवर आलेली असतात. कायद्याच्या आधीची ही जागा रिकामी सोडून चालत नाही.

ती रिकामी सोडली की काय होतं ते २००५ साली कट्रिना वादळात दिसलं. न्यू ऑर्लिन्स बुडालं होतं. छातीभर पाण्यातून खाण्याच्या वस्तू घेऊन चाललेल्या माणसांचे दोन फोटो दोन वृत्तसंस्थांनी पाठवले. काळ्या तरुणाच्या फोटोखाली लिहिलं होतं की दुकान ‘लुटून’ तो चालला आहे. गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली लिहिलं होतं की त्यांना पाव आणि सोडा ‘सापडला’. दोन्ही छायाचित्रकारांची स्वतंत्र बाजू होती. एकाने तरुणाला दुकानात शिरताना पाहिलं होतं, दुसऱ्याच्या मते त्या वस्तू पाण्यावर तरंगत आल्या होत्या. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण भुकेल्या शहरात पाव उचलण्याला ‘लूट’ हा शब्द कुणासाठी पटकन सुचतो, हे ओळी लिहिणाऱ्या माणसाला तरी कळलं पाहिजे. नऊ वर्षांनी फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राउन हा अठरा वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, तेव्हा माध्यमांनी त्याचा कुठला फोटो वापरावा यावरून वाद झाला. शेकडो कृष्णवर्णीय तरुणांनी आपले दोन-दोन फोटो शेजारी टाकले, एक पदवीच्या झग्यातला किंवा सैनिकी गणवेशातला, एक मित्रांबरोबर धिंगाणा करतानाचा, आणि विचारलं: मला गोळी घातली तर यातला कुठला छापाल?

आपल्याकडे हा प्रश्न नाही असं समजू नये. संभाजीनगरला पाणी देणारी नहर बांधणारा, ते शहर खडकी म्हणून वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हबशी होता. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याला काळतोंड्या म्हणून शिव्या घातल्या आणि अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं: भाल्यावर खोचलेलं अंबरचं मुंडकं आणि त्यावर बाण सोडणारा बादशहा. असं कधी घडलंच नव्हतं. अंबर मुघलांच्या हाती लागला नाही, १६२६ साली म्हातारपणाने वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. रणांगणावर जमलं नाही ते चित्रात करून घेतलं. २०१३ साली गोव्यात एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याचे देशबांधव रस्त्यावर उतरले, तेव्हा तिथल्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली होती. २०१६ साली बंगळूरमध्ये टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. त्यानंतर तिथले छायाचित्रकार महेश शांताराम वेगवेगळ्या शहरांत जाऊन भारतात राहणाऱ्या आफ्रिकी लोकांना भेटले, त्यांच्याशी बोलले, बहुतेकांचे फोटो त्यांच्याच राहत्या खोल्यांत काढले. ते स्वतः आफ्रिकी नाहीत. बाहेरच्या माणसाने असं काम करू नये असं मला वाटत नाही. घरात बोलावलं जाईपर्यंत थांबायची तयारी मात्र हवी.

आणि समोरच्या माणसाला काय मोजावं लागेल याची जाणीवही हवी. १९५६ साली पार्क्स यांनी अलाबामात जाऊन वर्णभेदाखाली जगणाऱ्या एका मोठ्या कुटुंबाचे रंगीत फोटो काढले. मोबील शहरातल्या दुकानाबाहेर, ‘कृष्णवर्णीयांसाठी प्रवेश’ अशा लाल निऑन पाटीखाली, ठेवणीतल्या कपड्यांत उभी असलेली ती बाई आणि लहान मुलगी त्यातलीच. फोटो ‘लाइफ’मध्ये आले आणि त्या कुटुंबातल्या एका शिक्षिकेची नोकरी गेली, घरच्यांना गाव सोडावं लागलं. छायाचित्रकार तोवर न्यूयॉर्कला परतलेला असतो.

आता काही फार जुन्या फोटोंपाशी येतो. १८५० साली हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासीझ यांना काळी माणसं ही वेगळी, खालची निर्मिती आहे असं सिद्ध करायचं होतं. त्यांच्यासाठी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात सात गुलाम स्त्रीपुरुषांचे कपडे उतरवून फोटो काढले गेले. त्यात रेंटी नावाचा एक वयस्क माणूस आणि त्याची मुलगी डीलिया होती. ते फोटो उतरवलेल्या पंधरा धातूच्या तबकड्या १९७६ साली हार्वर्डच्या संग्रहालयाच्या माळ्यावर सापडल्या. टॅमरा लॅनियर या बाईंनी २०१९ साली दावा लावला की रेंटी आमचा पूर्वज आहे आणि ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती त्याचा फोटो तुमच्या मालकीचा होऊ शकत नाही. सहा वर्षं झगडा चालला. २०२५ साली तडजोड झाली आणि त्या तबकड्या साउथ कॅरोलायनातल्याच चार्ल्स्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं.

लॅनियरबाईंच्या आईने मरण्यापूर्वी त्यांना घराण्याचा इतिहास लिहून काढायला सांगितलं होतं, तिथून हे सुरू झालं. तबकडीवर अगासीझ यांच्या वेळची ओळ आहे: ‘रेंटी, काँगो. बी. एफ. टेलर यांचा मळा’. कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली ओळ वेगळी आहे. त्यात तो पापा रेंटी आहे. गुलामांना अक्षर शिकवणं बेकायदा होतं त्या काळात त्याने निळ्या पुठ्ठ्याच्या अंकलिपीवरून स्वतःचं स्वतः वाचायला शिकून घेतलं होतं, आणि मग मळ्यावरच्या इतरांना बसवून शिकवत होता.